नाहीतर

रविवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही संगणक सुरू करतो. आहेत नऊ, चालतात सात. कुणाच्या ना कुणाच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, शिकवणाराही तसाच. पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग चालू असले की फळ्याजवळ उभं राहून घसा ताणावा लागतो. मुलं आठवी ते दहावीची. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी उर्दू, शाळेत मराठी आणि इथं येऊन पायथन. सोलापूरच्या पूर्व भागात आणखी एक भाषा आली म्हणून कुणी मान वर करून बघत नाही.

‘इफ’ शिकवायच्या दिवशी मी आधी संगणकाला हात लावू देत नाही. म्हणतो, ‘‘घरात ऐकलेलं एक वाक्य सांगा. एवढंच की त्यात ‘नाहीतर’ पाहिजे.’’ हात भराभर वर जातात.

‘‘लवकर ऊठ, नाहीतर पाणी जाईल.’’

‘‘अभ्यास कर, नाहीतर मागावर बसवतो.’’

‘‘मोबाइल ठेव खाली, नाहीतर फोडून टाकीन.’’

‘‘गप जेव, नाहीतर पप्पांना सांगते.’’

गेली सहा वर्षं हा खेळ चाललाय आणि दर वर्षी फळा धमक्यांनीच भरतो. मराठी घरातलं ‘नाहीतर’ हातात लाटणं घेऊनच उभं असतं. एकदाच, एका मुलीनं जरा थांबून सांगितलं, ‘‘सर, आमच्याकडं पाहुणे आले की आजी म्हणते, चहा घ्या, नाहीतर ताक करते.’’ वर्ग हसला. मी मात्र ते वाक्य तेवढं फळ्यावर ठेवलं आणि बाकीची पुसून टाकली. संगणकाला लागतं ते ‘नाहीतर’, म्हणजे त्याचं ‘एल्स’, हे आजीचं. चहा न घेणाऱ्याला तिथं शिक्षा नाही, त्याच्यासाठी ताक आहे.

मग पहिला प्रोग्राम. तो सगळीकडं एकच असतो, पास-नापास. एका मुलानं लिहिलं : गुण पस्तीसपेक्षा जास्त असतील तर ‘पास’ छाप, नाहीतर ‘नापास’. चालवून बघितला. ऐंशी टाकले, पास. बारा टाकले, नापास. पोरगं खूश. मी म्हटलं, पस्तीस टाक. ‘नापास’. सगळे फिदीफिदी हसले. मागच्या बाकावरचा एक हसला नाही. ‘‘आमच्या दादाला गणितात पस्तीसच होते, सर,’’ तो म्हणाला. ‘‘पेढे वाटले होते आम्ही.’’

‘पेक्षा जास्त’च्या पुढं एक ‘बरोबर’चं चिन्ह घालायचं राहिलं की एका घरचे पेढे परत घ्यावे लागतात. आपण त्याला ‘काठावर पास’ म्हणतो ते किती नेमकं आहे! काठ म्हणजे काय हे या मुलांना मी सांगायची गरज नाही. चादर असो की लुगडं, मधलं अंग कुणीही विणील. कारागिराचा हात दिसतो तो काठाला. अटीचंही तसंच. ऐंशीवाल्याचं आणि बारावाल्याचं भवितव्य कुठल्याही प्रोग्रामात सुरक्षित असतं. त्या दिवसापासून मी मुलांना सांगून ठेवलंय : प्रोग्राम लिहून झाला की आधी दादाचे गुण टाकायचे.

पुढच्या चुकाही ठरलेल्याच. पंचाहत्तर, साठ, पंचेचाळीस, पस्तीस ही आपल्या दहावीच्या श्रेण्यांची उतरंड. कुणीतरी ती खालून लावतो : आधी ‘पस्तीस किंवा जास्त तर पास’, मग बाकीचं. संगणक पहिल्या जुळणाऱ्या पायरीवरच थांबतो, त्यामुळं ब्याण्णव टक्केवाली हुशार पोरगी नुसती ‘पास’ होऊन खाली उतरते. आणि ‘बरोबर’चं चिन्ह एकदा की दोनदा हा घोळ तर पन्नास वर्षं जगभरच्या नवशिक्यांना पिडतोय. मी सांगतो, एक ‘बरोबर’ म्हणजे ‘आहे’, दोन ‘बरोबर’ म्हणजे ‘आहे का?’ हे पटकन डोक्यात बसतं. माझी ही एकच युक्ती आहे, पण चालते.

मी स्वतः १९८८ साली शिकलो ते बेसिक. त्यात ‘इफ’नंतर ‘देन’ लिहावं लागायचं. पायथनमध्ये ‘देन’ नाही, सी भाषेतही नाही. ‘जर’ लिहायचं, अट लिहायची, ‘तर’ समजून घ्यायचं. आता मराठीकडं बघा. ‘पाऊस आला तर खेळ बंद.’ यात ‘जर’ कुठं आहे? नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पण ‘तर’ काढून बघा : ‘जर पाऊस आला खेळ बंद.’ वाक्य लगेच लंगडतं. म्हणजे आपण ‘जर’ गिळतो आणि ‘तर’ जपतो. या भाषा ‘जर’ जपतात आणि ‘तर’ गिळतात. पायथनमध्ये अटीच्या शेवटी जे दोन टिंबांचं चिन्ह येतं, विसर्गासारखं दिसणारं, ते मुलं हमखास विसरतात. हे चिन्ह म्हणजेच आपलं ‘तर’, असं मी सांगायला लागलो तेव्हापासून विसरणारे जरा कमी झाले.

आणखी एक गंमत. ‘पाऊस आला तर’ म्हणताना पाऊस अजून यायचाय. आपण बोलतो मात्र तो येऊन गेल्यासारखं. मी कन्नडवाल्या मुलाला विचारलं, ‘आला तर’ला तुमच्याकडं काय म्हणतात? ‘‘बंदरे.’’ तिथंही ‘बंद’ हे आलेल्याचंच अंग. तेलुगूवाल्या मुली एका सुरात म्हणाल्या, ‘‘वस्ते.’’ वेगळा शब्दच नाही, क्रियापदाच्या शेपटीला अट बांधलेली. उर्दूवाल्यानं ‘अगर’ सांगितलं आणि आपल्या भाषेत शब्द निदान सुटा तरी आहे, अशा ऐटीत सगळ्यांकडं बघितलं. (आणि मराठीत ‘जर’ म्हणजे सोन्याचा तारही. जरतारी लुगड्यांच्या गावात ‘जर-तर’ला तुच्छ का मानतात कळत नाही.)

अट म्हणजे काय हे मला मात्र संगणकावर कळलेलं नाही. ते कळलं मागावर.

वडील गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या यंत्रमागांच्या दुरुस्तीला जायचे. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. एका दुपारी त्यांनी मला मागाजवळ उभं केलं. धोटा इकडून तिकडं पळत होता, प्रत्येक फेरीत आडवा धागा टाकत होता. वडिलांनी नखानं तो आडवा धागा तोडला. माग आणखी एक-दोन ठोके चालला आणि खट् आवाज करून उभा राहिला.

‘‘कुणी थांबवला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुम्ही.’’

‘‘मी कुठं हात लावला बे मागाला?’’

मग त्यांनी कडेला असलेला छोटासा काटा दाखवला. जेवणाच्या काट्यासारखाच, वाकवलेल्या तारांचा. फणी धागा ठोकायला पुढं येते, तेव्हा या काट्याची टोकं एका जाळीसमोर येतात. आडवा धागा जागेवर असला की तो काट्याला अडतो, काटा हलतो, त्याची मागची शेपटी उचलली जाते आणि खालून येणाऱ्या आकड्याला ती सापडत नाही. माग चालू राहतो. धागा नसला की टोकं जाळीतून बिनबोभाट आत जातात, काटा हलत नाही, शेपटी आकड्यात अडकते. आकडा तिला ओढतो, दांडा सुटतो, पट्टा मोकळ्या चाकावर सरकतो. खट्.

मला तेव्हा हे उलटं वाटलं होतं. काहीतरी अडकल्यावर यंत्र थांबतं, हे समजण्यासारखं आहे. इथं काही नसल्यामुळं माग थांबत होता. नसणं ओळखायला कुणीतरी दर दोन ठोक्यांना हात लावून बघत होतं : आहे? आहे? आहे? नाही. पुढं प्रोग्रामिंग शिकताना मास्तरांनी ‘इफ’चा चौकट-बाणांचा नकाशा काढला, तेव्हा त्यातल्या चौकोनाच्या जागी मला तो काटाच दिसला.

काही कारागीर हा काटा दोरीनं बांधून ठेवायचे. मजुरी कापडावर, माग थांबला की पैसे थांबले. बांधलेला काटा कधीच ‘नाही’ म्हणत नाही. माग चालत राहतो, आणि कापडात मध्येच आडवी विरळ पट्टी पडते. ती दिसली की वडील एरवी न वापरायचे ते शब्द वापरायचे. प्रोग्रामात कटकट करणारी अट मुलं कधीकधी गुपचूप काढून टाकतात, तेव्हा ते शब्द माझ्या ओठावर येतात. वाचनालयात असल्यामुळं परत जातात.

सोलापुरात संगणकावर बोलायला उभं राहिलेला पाहुणा जेकार्डचं नाव घेतल्याशिवाय बसत नाही. चादरीवरचा मोर बघा, तो पुठ्ठ्याच्या भोकांतून आला. १८०४-०५च्या सुमारास फ्रान्समध्ये लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं हा माग बनवला. संगणकाचा जनक म्हणतात त्या बॅबेजनं त्याची कार्डं उचलली. म्हणून सोलापूरची चादर ही संगणकाची आजी. टाळ्या. मला यातलं नातं मान्य आहे, पण पुठ्ठ्याला आपण जरा जास्तच मान देतो. भोक असलं की सुई आत जाते आणि उभा धागा वर उचलला जातो, भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. इथवर ‘जर-तर’ आहे, कबूल. पण कार्डांची माळ कधी म्हणत नाही की मोर बिघडला, आता पुढचं कार्ड सोडून मागचं घ्या. धागा तुटला तरी ती मोर पुढं ओढतच नेते. जर्मनीत कोनराड झूजनं १९४१ साली पूर्ण केलेलं झेड थ्री हे यंत्रही याच जातीचं. फितीवरच्या भोकांवरून बिनचूक गणित करायचं, पण आलेलं उत्तर बघून दुसऱ्या वाटेला वळायची सोय त्यात नव्हती. वडिलांच्या काट्याला ती अक्कल होती. वळायची नसेल, निदान थांबायची तरी. चादरीच्या भौगोलिक मानांकनाचा कुणी बोर्ड लावतो. त्या काट्याला नाव सांगणारंही आता गल्लीत फार कुणी नाही.

पण अटी लिहिण्यात या जिल्ह्याचा हात धरणारा मला तरी माहीत नाही, आणि त्याचं कारण माग नव्हे, पंचांग. नाना दात्यांनी, म्हणजे लक्ष्मण गोपाळ दात्यांनी सुरू केलेलं दाते पंचांग सोलापूरचं, हे महाराष्ट्रभर त्या पंचांगात उपास शोधणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि कुठला सण कोणत्या दिवशी, याचा निवाडा करताना मराठी मुलखात ज्या ग्रंथाकडं बोट दाखवलं जातं तो धर्मसिंधु लिहिला पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, १७९०च्या सुमारास. लोक त्यांना बाबा पाध्ये म्हणत. मी उपास करत नाही आणि गणपती बसवतो ते पत्नीच्या धाकानं. पण धर्मसिंधूतले चार नियम मी दर वर्षी वर्गात काढतो.

अडचण अशी की तिथी आणि दिवस यांची गाठ नसते. दिवस चोवीस तासांचा. तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, आणि दुपारी किंवा पहाटे कुठंही सुरू होते. म्हणून पहिला नियम : सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखाद्या तिथीला दोन सूर्योदय मिळाले तर? ती वृद्धी तिथी. एकही मिळाला नाही तर? ती क्षय तिथी. महिन्यालाही असंच. ज्या चांद्रमासात सूर्याचं राशीसंक्रमण होत नाही तो अधिक मास. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो असा. ज्यात दोन संक्रमणं येतात तो क्षय मास, फार दुर्मीळ. मुलांना मी एवढंच सांगतो की ‘इफ, एलिफ, एल्स’ आजोबांच्या खुंटीवर आधीपासून टांगलेलं आहे.

आणि मग गणेश चतुर्थी. तिला सूर्योदय चालत नाही. ती मध्यान्ही असावी लागते. (संकष्टीला चंद्रोदयाला, महाशिवरात्रीला मध्यरात्री. प्रत्येक देवाचं घड्याळ निराळं.) फळ्यावर चार घरं काढतो. मध्यान्ही चतुर्थी फक्त आज असली तर गणपती आज. फक्त उद्या असली तर उद्या. लांबलचक तिथी दोन्ही दिवशी मध्यान्ही सापडली तर? आदल्या दिवशी. आणि आखूड तिथी आजची दुपार टळल्यावर सुरू होऊन उद्याच्या दुपारच्या आत संपली, म्हणजे कुठल्याच मध्यान्ही सापडली नाही तर? तरीही आदल्या दिवशी.

मुलं हे चार ‘इफ’ लिहून काढतात. गेल्या वर्षी एक मुलगी लिहीत नव्हती, फळ्याकडं बघत बसली होती. मला वाटलं कंटाळली. म्हणाली, ‘‘सर, चार कशाला? फक्त उद्या असेल तर उद्या. नाहीतर आज.’’

मी परत फळ्याकडं बघितलं. चारपैकी तीन घरांत उत्तर एकच होतं. इतकी वर्षं मी त्याच चार घरांसमोर उभा होतो.

तिच्या त्या एका ओळीत मला आणखी एक गोष्ट दिसली, ती तिला सांगितली नाही. पहिल्या तीन घरांतल्या चतुर्थीकडं काही ना काही कागदपत्रं आहेत : ती कुठल्या तरी मध्यान्ही हजर होती. चौथ्या घरातली बिचारी दोन्हीकडं गैरहजर. तिलाही बाबा पाध्ये रिकामं पाठवत नाहीत. कुठल्याच नियमात बसली नाही म्हणून त्या वर्षीचा गणपती रद्द, असं कुणी म्हणत नाही. आजीच्या ताकासारखंच हे ‘नाहीतर’.

माझ्या स्वतःच्या ‘नाहीतर’ची अशी फजिती झाली की अजून आठवलं की कान गरम होतात. प्रोग्रामात आलेली माहिती तपासून घ्यावी, हा धडा शिकवत होतो. उदाहरण म्हणून लिहिलं : टक्केवारी विचार, ती शून्य ते शंभर यांच्या मध्ये असली तर पुढं जा, नाहीतर ‘चुकीची माहिती’ असं छाप. टक्केवारी म्हटल्यावर आणखी काय असणार? ते २०२४ सालचे उन्हाळ्याचे दिवस. एका मुलानं हात वर केला. ‘‘सर, उजनी टाकू?’’ टाक म्हटलं. त्यानं टाकलं उणे पन्नास.

संगणक म्हणाला, चुकीची माहिती.

‘‘पण सर, पेपरात आलंय. मायनस पन्नासच्या खाली गेली उजनी.’’

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं. भीमेवरच्या उजनी धरणात सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे कालव्याच्या दारांपर्यंत न पोचणारं. वापरायचं म्हणून धरलेलं जेमतेम ५४. टक्के मोजतात ते या ५४चे. पाणी मृत साठ्याच्या रेषेवर आलं की शून्य. त्याखाली उतरलं की उणे. मृत म्हणायचं आणि उन्हाळ्यात तेच प्यायचं! आमच्या उजनीत मेलेलं पाणी जित्या पाण्यापेक्षा जास्त आहे, हे वाक्य परगावच्या पाहुण्याला तीनदा सांगावं लागतं. आणि जन्म सोलापुरात काढून, उणे टक्क्यांच्या बातम्या चहाबरोबर वाचून, मी वर्गात लिहितो की टक्केवारी शून्याच्या खाली जात नाही! ती अट माझी नव्हतीच. कुठल्या तरी पुस्तकातून आलेली, जिथं धरणं मापात वागतात अशा गावची.

खालचा काठ दुरुस्त केला, वरचा तसाच ठेवला. त्याच पावसाळ्यात धरण भरलं, आकडा शंभराच्या पुढं सरकला, आणि तेच पोरगं पुन्हा हात वर करून उभं. उजनी भरते तेव्हा एकशेदहाच्या आसपासही जाते. दुसऱ्यांदा चुकीची माहिती मी निघालो.

१९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत ‘इफ’ला दोन नव्हे, तीन वाटा होत्या : संख्या ऋण असेल तर या ओळीवर जा, शून्य असेल तर त्या, धन असेल तर तिसऱ्या. पुढच्या भाषांनी ती पद्धत अवघड म्हणून मोडीत काढली. कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर उजनीचा रोजचा आकडा येतो तेव्हा बघायचं तेच तर असतं. तीन वाटांचा तो जुना ‘इफ’ मला तेव्हापासून सोलापूरचाच वाटतो.

गणपतीची चार घरं एका ओळीत बसवणारी ती मुलगी विडी घरकुलातून येते. आई घरी विड्या वळते. स्वतःच्या मनानं काहीतरी लिहा म्हटलं तर तिनं आईच्या मजुरीचा प्रोग्राम घेतला. हजार विड्यांना दर, वळलेल्या विड्या, हिशेब सोपा. मग अटी. कारखान्यातून मिळालेलं पान कमी पडलं तर पदरचं आणायचं, ते पैसे वजा. तपासणीत नापास झालेल्या विड्या वजा. इथं येऊन ती अडली.

‘‘नापास कधी म्हणायचं, सर?’’

‘‘आईला विचार.’’

पुढच्या रविवारी म्हणाली, ‘‘आईला नाही माहीत. म्हणाली, बघणारा ठरवतो. कधी ढिली म्हणतो, कधी वाकडी म्हणतो. एखाद्या दिवशी काहीच म्हणत नाही.’’

अट तर होती. दर दिवशी लागू होत होती, पैसेही कापत होती. पण ती दुसऱ्या माणसाच्या डोक्यात होती आणि तिथून ती ओळीत उतरवून घ्यायचा आम्हाला काही मार्ग नव्हता. तिनं त्या जागी ‘इफ’ लिहिलं, पुढं मोकळी जागा ठेवली, आणि प्रोग्राम चालवला. लाल अक्षरांत चूक दाखवली गेली. तिनं ती तशीच सेव्ह केली.

मग तिनं दुसरा विषय घेतला, पाण्याचा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कुठल्या दिवशी आणि किती वाजता, हे ओळखणं ही सोलापूरची खरी विद्या. मागचं पाणी कधी आलं ते विचार. चार दिवस झाले नसतील तर ‘आज नाही’. चार झाले असतील तर ‘संध्याकाळी भांडी घासून ठेव’. पाच झाले असतील तर ‘घरातून हलू नको’. पाइपलाइन फुटली असेल तर दोन दिवस मिळव. उजनीच्या पंपाची वीज गेली असेल तर एक. तीन रविवार ती अटी वाढवत होती. शेवटी ‘एल्स’ आलं. तिथं काय लिहावं यावर तिनं बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं : ‘शेजारच्या काकूंना विचार.’

परवाच्या रविवारी ती सगळ्यांना हे दाखवत असताना तिचा फोन वाजला. पलीकडून काय बोललं गेलं ते ऐकायची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात खालून कुणाची तरी हाकच आली. पाणी आलं. चार मुली आणि दोन मुलं दप्तरं तशीच टाकून जिन्यावरून खाली उतरली. बाकीचे वेगळ्या झोनचे, त्यांचं परवा.

तिच्या संगणकावर प्रश्न तसाच उघडा होता : पाणी आलं का? मी खुर्चीत बसलो, चष्मा पुसला आणि टाइप केलं, ‘होय’. तिनं अटीत ‘हो’ लिहिलं होतं.

शेजारच्या काकूंना विचार, असं पडद्यावर आलं.